निलंबन, मोटारगाडीचे पुढील

मोटारगाडीची पुढची चाके आणि तिचा सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, भुजा, सांधे व शॉक अब्सॉर्बर यांच्या समूहास पुढील निलंबन असे म्हणतात. गाडीचे वजन पेलणे आणि रस्त्याचे धक्के सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे ही कामे मागील निलंबनही करते. पुढील निलंबनाला मात्र वळणारी चाके सांभाळावी लागतात. चाक वरखाली होत असताना त्याची दिशा बदलू नये आणि ते वळत असताना त्याचा तोल जाऊ नये, अशी ही दुहेरी अट आहे. ह्या निलंबनाचा इतिहास बहुधा प्रवाशांचा आराम व गाडीचा वेग यांच्या अंगाने सांगितला जातो. त्याला आणखी एक बाजू आहे. गाडीच्या मालकाला आपल्या अंगणात, हाताशी असलेल्या पान्यांनी हे निलंबन सोडवून पुन्हा बसवता येते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक नव्या रचनेबरोबर बदलत गेले. ते उत्तर मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून होते : गाडी जॅकवर उचलल्यानंतर स्प्रिंगेत साठलेल्या ऊर्जेचे काय होते?

घोडागाडीचा वारसा : लंडनमधील बग्ग्यांचे कारखानदार ओबाडाया एलियट यांनी १८०४ मध्ये पोलादी पट्ट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीची रचना पुढे आणली. तीपूर्वी बग्गीचा डोलारा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेला असे व खाली जड लाकडी सांगाडा लागे. एलियट यांच्या कमानींमुळे हा सांगाडा अनावश्यक ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारगाडी निर्माण झाली तेव्हा तिने हीच कमान उचलली. फक्त लंबवर्तुळाऐवजी त्याचा खालचा अर्धा भाग वापरण्याची रीत रूढ झाली. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध पोलादी आस, त्यावर यू-बोल्टांनी आवळलेल्या दोन कमानी आणि आसाच्या टोकांना किंगपिनवर फिरणारी चाके, ही रचना पहिली तीस-पस्तीस वर्षे जवळजवळ सार्वत्रिक होती. मालमोटारींत ती आजही आढळते. आपल्याकडील कारागीर ह्या पट्ट्यांना ‘पाटे’ म्हणतात आणि टांग्याच्या कमानी दुरुस्त करणाऱ्या लोहाराला त्यांत अनोळखी असे काही नव्हते.

ह्या रचनेचा मोठा गुण असा की, सांगाडा उचलून आधारांवर ठेवला की कमानीवरचा भार उतरतो व ती आपल्या मोकळ्या आकारात येते. मग यू-बोल्टांच्या नटा सोडवाव्यात, शॅकलमधील पिना ठोकून काढाव्यात आणि कमान बाजूला घ्यावी. गंजलेल्या नटेशी झगडावे लागते आणि कमान जड असते, एवढेच काय ते कष्ट. तुटलेला पाटा बदलणे किंवा बसलेल्या पाट्यांना पुन्हा बाक देणे हे खेड्यातल्या भट्टीवरही होई. फोर्डच्या आडव्या कमानीत थोडी निराळी गोष्ट होती. १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झालेल्या ‘मॉडेल टी’ला पुढे-मागे प्रत्येकी एकच आडवी कमान होती. फोर्डने पुढेही चालू ठेवलेल्या ह्या पद्धतीत शॅकलमध्ये बसविताना कमान ताणावी लागे. म्हणून गाडी उचलल्यावरही तिच्यात काही ताण शिल्लक राही. तरीसुद्धा शेतकऱ्याने आपल्या गोठ्यात सोडवावी इतकी ती सोपी होती आणि त्या गाडीच्या प्रसारात ह्या सोपेपणाचा वाटा लहान मानता येत नाही.

चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली व्हावीत असे प्रयत्न फार लवकर सुरू झाले होते. फ्रान्समध्ये आमेदे बोले यांनी १८७८ च्या ‘ला मान्सेल’ ह्या वाफेच्या गाडीत पुढची चाके स्वतंत्रपणे टांगली होती. १८९८ च्या देकोव्हिल गाडीत चाक एका उभ्या खांबावर सरकत असे. ब्रिटनमध्ये मॉर्गन यांनी १९१० च्या सुमारास आणि इटलीत लान्चा यांनी १९२२ च्या ‘लाम्ब्दा’त हाच सरकता खांब वापरला, मॉर्गन गाड्यांत तर तो शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. पण हे सारे अपवाद होते. मोठ्या प्रमाणावर बदल घडला तो अमेरिकेत आणि त्यामागे आरामापेक्षा एक दुखणे अधिक कारणीभूत होते.

ओली यांचे कार्य : १९२० नंतर पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले, हवा कमी दाबाची असणारे जाड टायर आले आणि वेग वाढला. ह्या तिन्हींच्या एकत्र परिणामाने पुढची चाके एका ठरावीक वेगाला जोराने थरथरू लागत. एकसंध आसावर एक चाक उचलले गेले की आस कलतो. फिरते चाक भोवऱ्यासारखे असल्यामुळे हा कल त्याला बाजूस वळवू पाहतो आणि ते वळले की आस पुन्हा कलतो. चालकाच्या हातातील स्टिअरिंग त्यामुळे हिसके देऊ लागे. मॉरिस ओली हे रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले इंग्रज अभियंते १९३० मध्ये जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आले. वजने पुढेमागे हलवता येतील अशी एक चाचणीगाडी करून त्यांनी गाडीच्या हेलकाव्यांचा अभ्यास केला. गाडी सपाट चालावयाची तर पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ हव्यात, हा त्यांचा निष्कर्ष प्रचलित पद्धतीच्या नेमका उलट होता. परंतु एकसंध आसाखाली मऊ स्प्रिंगा घातल्या की थरथर अनावर होई. तेव्हा आसच काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

जर्मनीत मर्सिडीझ-बेन्झच्या ‘३८०’ गाडीने १९३३ मध्येच दोन आडव्या त्रिकोणी भुजा व मळसूत्री स्प्रिंग अशी पुढील रचना आणली होती. जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांत दोन पद्धती एकदम बाजारात आणल्या. कॅडिलॅक, ब्यूक व ओल्डस्मोबील यांना आखूड वरची भुजा व लांब खालची भुजा, त्यांच्यामध्ये मळसूत्री स्प्रिंग अशी रचना मिळाली. शेव्हरोले व पाँटिअॅक यांना आंद्रे द्युबोने यांची पद्धत मिळाली. तिच्यात स्प्रिंग तेल भरलेल्या बंद नळकांड्यात असे. तेल गळू लागले की सारी करामत व्यर्थ होई व ही पद्धत काही वर्षांतच मागे पडली. दोन भुजांची रचना मात्र पुढील तीन दशके जगभर प्रमाण मानली गेली.

गाडीत बसणाऱ्याला हा निःसंशय लाभ होता. गाडीखाली शिरणाऱ्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. मळसूत्री स्प्रिंगेला स्वतःची जागा धरून राहता येत नाही. तिला वरून व खालून कोणीतरी दाबून धरावे लागते. गाडी उचलली तरी खालची भुजा एका मर्यादेपलीकडे लोंबत नाही, त्यामुळे स्प्रिंग दबलेलीच राहते. एक उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. पुढच्या एका चाकावर सु. ३,००० न्यूटन, म्हणजे साधारण ३०० किग्रॅ. वजनाचा भार आहे असे समजू. स्प्रिंग चाकाच्या अगदी जवळ असून ती दर मिमी.ला २० न्यूटन इतकी ताठ असेल, तर ह्या भाराखाली ती १५० मिमी. दबते आणि तिच्यात २२५ जूल ऊर्जा साठते. दहा किग्रॅ.चे वजन सु. २·३ मी. उंचीवरून पडावे इतकी ही ऊर्जा आहे. गाडी उचलल्यावर चाक ८० मिमी. खाली लोंबले, तरी ७० मिमी.चा दाब व १,४०० न्यूटन बल मागे उरते. प्रत्यक्षात स्प्रिंग बहुधा खालच्या भुजेच्या मध्यावर कोठेतरी असते आणि तरफेच्या नियमाप्रमाणे तिच्यावरील बल चाकावरील भाराच्या जवळजवळ दुप्पट होते. अशी स्प्रिंग एकाएकी सुटली, तर समोर असलेल्या माणसाचे हाड मोडल्यावाचून राहत नाही. अशा अपघातात मृत्यूही संभवतो.

म्हणून दोन भुजांचे निलंबन सोडविण्याची एक शिस्त रूढ झाली. सांगाडा भक्कम स्टँडवर ठेवावयाचा. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर कधीही नाही, कारण वीट भाराखाली कोणतीही सूचना न देता फुटते. चाक काढून खालच्या भुजेखाली दुसरा जॅक लावून ती किंचित उचलावयाची. स्प्रिंगेच्या वेढ्यांतून साखळी ओवून ती सांगाड्याला बांधावयाची. मग चाकाचा दांडा व भुजा यांमधील सांधा सोडवावयाचा. १९५२ मध्ये लिंकन व १९५४ मध्ये फोर्ड गाड्यांत किंगपिनऐवजी बॉल जॉइंट आले आणि ते लवकरच सर्वत्र पसरले. त्यांचा निमुळता खुंटा आपल्या भोकात इतका घट्ट बसतो की, नट काढल्यावरही तो हलत नाही. अनुभवी कारागीर नट पूर्ण न काढता चार-पाच आट्यांवर ठेवतो, कारण खुंटा सुटतो तो एकदम व आवाज करून. त्या क्षणी भुजेला अडवणारे काहीतरी हवे असते. खुंटा मोकळा झाला की नट काढून जॅक अगदी सावकाश उतरवावयाचा आणि स्प्रिंग पूर्ण सैल झाल्याचे पाहून ती बाहेर घ्यावयाची. ह्यात विशेष हत्यारे फारशी लागत नाहीत, परंतु क्रम चुकून चालत नाही. पूर्वीच्या कमानीच्या बाबतीत क्रम चुकला तर श्रम वाया जात. येथे बोटे जात.

पिळाचा दांडा : मळसूत्री स्प्रिंगेला पर्याय म्हणून सरळ पोलादी दांड्याला पीळ देऊन त्याचाच स्प्रिंगेसारखा उपयोग करण्याची कल्पना युरोपात पुढे आली. ह्या दांड्याला टॉर्शन बार म्हणतात. फेर्डिनांट पोर्शे यांच्या संस्थेने १९३१ मध्ये त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला. १९३४ च्या सिट्रोएन ‘त्राक्स्यों अव्हां’मध्ये तो पुढच्या चाकांसाठी वापरला गेला. फोक्सवॅगनच्या ‘बीटल’मध्ये दोन आडव्या नळ्यांत पातळ पट्ट्यांचे जुडगे पीळ घेत असे. ही संपूर्ण पुढील जोडणी सांगाड्याला मुख्यतः चार बोल्टांनी आवळलेली असल्यामुळे स्प्रिंग न सोडविताच ती चाकांसह ओढून काढता येई. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने इतकी सोयीची रचना मोटारगाडीच्या इतिहासात क्वचितच झाली असेल.

ब्रिटनमध्ये अॅलेक इसिगोनिस यांनी १९४८ च्या ‘मॉरिस मायनर’मध्ये गाडीच्या लांबीला समांतर असे दोन टॉर्शन बार योजले. वरची भुजा म्हणून शॉक अब्सॉर्बरचाच दांडा वापरलेला होता. दांड्यातील ऊर्जा मळसूत्री स्प्रिंगेपेक्षा कमी असते असे नाही, पण ती बाहेर उसळत नाही. भुजा जॅकवर खाली उतरविली की पीळ निघून जातो. मालकाने दोन गोष्टी सांभाळावयाच्या : दात असलेल्या टोकांवर काढण्यापूर्वी खुणा करणे आणि डावा दांडा उजवीकडे न लावणे, कारण एका दिशेने पीळ घेतलेले पोलाद उलट पिळाला तेवढे टिकत नाही. ‘मायनर’चे मर्मस्थान दुसरीकडे होते. चाकाचा उभा दांडा वर व खाली ट्रनियन नावाच्या आटेदार तुकड्यांत फिरत असे. तेथे नियमाने ग्रीस न गेल्यास आटे झिजून नाहीसे होत आणि एखाद्या दिवशी दांडा ट्रनियनमधून निसटून चाक गाडीखाली मुडपे. ‘ट्रायम्फ हेरल्ड’ (१९५९) ह्या गाडीत ह्याचीच वेगळी आवृत्ती आढळते. तिच्या खालच्या ट्रनियनमध्ये ग्रीस नव्हे, तर गिअरचे घट्ट तेल घालावे असा निर्मात्यांचा आग्रह होता. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नसे. तो न जुमानणाऱ्यांच्या गाड्यांचे उभे दांडे मोडल्याची उदाहरणे आहेत. वास्तविक हेरल्डइतकी उघडीवाघडी गाडी दुसरी नव्हती : तिचे संपूर्ण नाक, पुढच्या मडगार्डांसह, पुढे उलथे आणि निलंबन उजेडात समोर येई, स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर यांची जोडी एकत्रच निघे. दोष रचनेत होता तितकाच वंगण देणाऱ्याच्या सवयीतही होता.

ह्याच काळात ब्रिटनमध्ये गृहदुरुस्तीला मोठा बहर आला. त्यामागे हौस होती तशी निकडही होती. १९६० पासून दहा वर्षांहून जुन्या मोटारींच्या ब्रेक, दिवे व स्टिअरिंग यांची तपासणी सक्तीची झाली आणि १९६७ पर्यंत ही वयोमर्यादा तीन वर्षांवर आणली गेली. झिजलेले किंगपिन घेऊन फिरणाऱ्या बेताच्या मिळकतीच्या मालकापुढे गॅरेजचे बिल भरणे किंवा स्वतः गाडीखाली शिरणे असे दोनच मार्ग होते. जॉन हेन्झ यांनी वायुसेनेत एडन येथे असताना एका सहकाऱ्याची ‘ऑस्टिन-हीली स्प्राइट’ पूर्ण सुटी करून पुन्हा जोडली व प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घेतली. त्यातून १९६६ मध्ये त्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांच्या मालेतील पहिली पुस्तिका निघाली. कारखान्याच्या पुस्तिकेत अमुक क्रमांकाचे खास हत्यार वापरा असे एका ओळीत सांगितलेले असे. हेन्झ यांच्या पुस्तिकेने ते हत्यार नसलेल्या माणसाला वाचक मानले, हे तिचे वेगळेपण होय. सर्व दारे मात्र तिलाही उघडता आली नाहीत. ‘मिनी’ गाडीच्या (१९५९) पुढील रबरी शंकूंना दाबण्यासाठी खास हत्यारच लागे आणि १९६२ च्या ‘मॉरिस ११००’मधील दाबाखालील द्रव पुन्हा भरण्याचा पंप घरी असणे शक्य नव्हते.

मॅक्फर्सन स्ट्रट : अर्ल स्टील मॅक्फर्सन हे अमेरिकन अभियंते जनरल मोटर्समध्ये ‘शेव्हरोले कॅडेट’ ह्या लहान गाडीचे काम पाहत होते. १९४७ मध्ये ती योजना रद्द झाली व ते फोर्डकडे गेले. शॉक अब्सॉर्बरलाच चाकाचा उभा खांब बनवावे, त्याच्याभोवती मळसूत्री स्प्रिंग बसवावी आणि वरची भुजा साफ वगळावी, ही त्यांची कल्पना ब्रिटिश फोर्डच्या ‘कॉन्सल’ व ‘झेफर’ (१९५०) ह्या गाड्यांत मोठ्या प्रमाणावर उतरली. भाग थोडे, खर्च कमी आणि दोन चाकांच्या मध्ये मोकळी जागा भरपूर. त्यामुळे आडवे एंजिन व पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या लहान गाड्यांचे युग आले तेव्हा हीच रचना सर्वत्र स्वीकारली गेली. १९७० मध्ये ‘बीटल’च्या १३०२ ह्या नमुन्यानेही चार बोल्टांची आपली नळी सोडून हा खांब घेतला.

ह्या खांबाच्या सुटेपणाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. खाली दोन बोल्ट व वर एंजिनाच्या दालनात काही नटा सोडविल्या की स्प्रिंगेसह संपूर्ण खांब हातात येतो. त्यात स्प्रिंगेपासून काही धोका नाही. धोका आहे तो वरच्या तबकडीच्या मधोमध असलेल्या एकाच नटेत. ती शॉक अब्सॉर्बरच्या दांड्यावर बसलेली असते आणि दबलेल्या स्प्रिंगेला तीच काय ती अडवून धरते. दिसायला ती भोवतालच्या नटांसारखीच असते. स्प्रिंग दाबून धरणारे आकडे दोन्ही बाजूंना समोरासमोर लावून, ते आळीपाळीने थोडेथोडे आवळून, तबकडी हाताने सैल फिरू लागल्यावरच ही नट सोडवावयाची असते. स्वस्त वा झिजलेले आकडे वेढ्यांवरून सरकतात, हे ह्या कामातील अपघातांचे नेहमीचे कारण आहे. कमानीच्या काळात धोका डोळ्यांना दिसत असे. ह्या रचनेत तो एका मामुली नटेमागे दडला आहे.

भारतातील गाड्या : भारतात ह्या तिन्ही रचना एकापाठोपाठ एक रस्त्यावर आल्या. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली ‘अॅम्बॅसडर’ उत्तरपारा येथे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत तयार होत होती. तिला पुढे टॉर्शन बार होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० व तिचीच पुढे ‘पद्मिनी’ म्हणून विख्यात झालेली आवृत्ती निघत असे. तिला दोन भुजा व मळसूत्री स्प्रिंगा होत्या. मद्रासला १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेरल्ड’ तयार होऊ लागली. डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ‘मारुती ८००’ने मॅक्फर्सन स्ट्रट घरोघरी नेला. मालकाने स्वतः गाडी सोडविण्याची ब्रिटनमधील चाल मात्र येथे तितकी रुजली नाही. मजुरी स्वस्त होती आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री विश्वासाचा होता. घराऐवजी झाडाखालची जागा किंवा रस्त्याची कड हीच येथील कार्यशाळा ठरली. मुंबईच्या टॅक्सी-व्यवसायात ‘पद्मिनी’ दीर्घकाळ टिकली, त्याचे एक कारण तिचे पुढील निलंबन मामुली हत्यारांनी सुटत होते हेही म्हटले पाहिजे. २००३ मध्ये नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

अलीकडील गाड्यांत बॉल जॉइंट व रबरी बुश भुजेतच कायमचे बसविलेले असतात आणि झिजले की संपूर्ण भुजा बदलावी लागते. काम त्यामुळे सोपे व खर्चिक झाले आहे. रस्ता टिपणारे कॅमेरे असलेल्या कित्येक गाड्यांत निलंबन हलविल्यानंतर कॅमेऱ्याची दिशाही यंत्रावर पुन्हा ठरवावी लागते. ते घरी होण्यासारखे नाही. चाकांची जुळणी मात्र पूर्वी मालक दोरीने करीत : मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणलेली दोरी व मोजपट्टी एवढ्यावर पुढच्या चाकांचा आतला कल ठरविला जाई, आणि तात्पुरत्या अंदाजासाठी ही रीत आजही उपयोगी पडते. जोडणीच्या अखेरीस एक चूक हमखास होते. भुजा लोंबत असतानाच तिच्या रबरी बुशांचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते व काही महिन्यांत फाटते. हे बोल्ट आधी हलकेच लावावेत, गाडी चाकांवर उतरवून पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून सोडावा आणि तिचे वजन चाकांवर असतानाच ते शेवटपर्यंत आवळावेत.